खांब आणि कळस

“होकायंत्र पोटाशी धर. नाकासमोर नको, पोटाशी,” संचिताने तिसऱ्यांदा सांगितलं. “आणि हलू नकोस. तू हललीस की काटाही हलतो.”

“मी हलत नाय,” नम्रता श्वास कोंडून म्हणाली. “माका शिंक येता, ती धरून ठेवलंय.”

धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसलेला सर्वेश एवढा हसला, की त्याच्या हातातली चिक्की पाण्यात पडली.

दिवाळी नुकतीच सरली होती. तेरा वर्षांची संचिता सुट्टी लागताच, दिवाळीच्या आधीच, सावंतवाडीहून सुगंधामावशीकडे आली होती. मावशीचं घर रेवेवाडीत. समोर खाडी, खाडीच्या पलीकडे देवबाग, आणि डाव्या हाताला खाडी जिथे समुद्राला मिळते ते मुख. सर्वेश आणि नम्रता ही मावशीची मुलं. सर्वेश संचितापेक्षा वर्षाने लहान, आणि नम्रता अजून चौथीत.

संचिता या वेळी नुसती आली नव्हती, होकायंत्र घेऊन आली होती. शाळेच्या गाईड पथकाबरोबर ती आंबोलीच्या शिबिराला गेली होती, आणि तिथे दीपिकाबाईंनी मुलींना नकाशा, दिशा, खुणा असं सगळं शिकवलं होतं. परत आल्यापासून संचिता घरातल्या स्वयंपाकघरातही दिशा धरून चालायची, असं तिचे बाबा म्हणत. आता तिने वाडीतल्या मुलांसाठी खजिन्याचा खेळ आखायला घेतला होता. झाडाखाली लपवलेले लाडू, आणि तिथे पोचायला फक्त दिशांचे आकडे. खेळाची कॅप्टन अर्थातच ती.

“किती आलं?” तिने विचारलं.

“अडतीस,” नम्रता म्हणाली.

“चूक. धक्क्यावरून खुणेच्या खांबाची दिशा बेचाळीस अंश आहे. मी आले त्याच दिवशी मोजली होती.”

“मी दोनदा बघलंय.”

“मग दोनदा चुकलीस. त्या लोखंडी कडीजवळ उभी राहिली असशील. लोखंड जवळ असलं की काटा ओढला जातो.”

नम्रताने खाली पाहिलं. होडी बांधायची कडी तिच्यापासून बरीच लांब होती. तिने संचिताकडे पाहिलं, पुन्हा कडीकडे पाहिलं आणि होकायंत्र मुकाट्याने परत केलं.

“बेचाळीस धरून पुढे चला,” संचिता म्हणाली. “सगळ्यांनी वेगवेगळे आकडे सांगितले, तर खेळ व्हायचा कसा?”

तेवढ्यात सर्वेश ताडकन उभा राहिला. मुखाच्या बाजूने इंजिनाचा ओळखीचा आवाज येत होता, तो एकाएकी चिरका झाला आणि बंद पडला. लाटांच्या पांढऱ्या फेसात एक निळी होडी कलती होऊन उभी होती.

“आमची होडी,” सर्वेश म्हणाला. “बाबा रेवेर चढले.”

होडी सोडवायला वाडीतली माणसं धावली. कुणाला लागलं नव्हतं, एवढंच नशीब. पण वाळूत घासून इंजिनाचा पंखा वाकला होता, आणि होडी ओढत ओढत धक्क्याला आणावी लागली. सर्वेशचे बाबा, परशुरामकाका, कमरेपर्यंत भिजलेले, मान खाली घालून होडीमागून चालत आले.

“मी खांब नि कळस धरूनच येय होतंय,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “मगे रेव इली खंयसून?”

खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचे, म्हणजे रेवेचे, दोन मोठे पट्टे आहेत, आणि त्यांच्या मधून एकच खोल वाट. भरतीला सगळीकडूनच जाता येतं, पण ओहोटीला त्या वाटेवाचून गत्यंतर नाही. होडीतून ती वाट दिसत नाही. म्हणून समुद्रातून येणाऱ्याने काठावरचा लाल-पांढरा खांब बघायचा आणि त्यामागच्या डोंगरावरच्या देवळाचा कळस बघायचा. खांबाच्या बरोबर डोक्यावर कळस दिसला, की समजावं आपण वाटेवर आहोत. कळस खांबाच्या बाजूला सरकला, की होडी वाटेबाहेर चालली. हे सगळं सर्वेशला बोलायला लागल्यापासून पाठ होतं, आणि काका तर आयुष्यभर त्याच रेषेवरून घरी येत होते.

गर्दीत गुरुप्रसादही होता. मुंबईची नोकरी सोडून तो वाडीत परतला होता आणि किनाऱ्यालगत त्याने पाहुण्यांसाठी राहायची नवी कोरी घरं बांधली होती. त्याच्या पाहुण्यांना समुद्राची सैर घडवायचं काम काकांकडेच असायचं.

“परशुरामकाका, वय झालं की डोळे दगा देतात,” तो मऊ आवाजात म्हणाला. “त्यात लाज कसली? एकदा तपासून घ्या. उद्यापासून पाहुण्यांना माझ्या होडीतून सत्यवान नेईल.”

सत्यवान हा वाडीतलाच तरुण. होडी हाकायला तो काकांच्याच हाताखाली शिकला होता. तो काहीतरी बोलायला गेला, पण काकांनीच त्याला हाताने थांबवलं.

“बरोबर आसा,” काका म्हणाले. “माणसां सांभाळूची आसतत.”

त्या संध्याकाळी काका पडवीत बसून आतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचून बघत होते. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. सुगंधामावशी ताट घेऊन दोनदा येऊन गेली.

“जेवा गो, मी नंतर बसतंय,” ते म्हणाले. “उद्या पयल्या गाडीन मालवणाक जातंय. डोळे दाखवन येतंय.”

संचिता ताटावरूनच त्यांच्याकडे बघत होती. नेहमी मोठ्याने हसणारे, तिला ‘सावंतवाडीचा खेळणा’ म्हणून चिडवणारे काका असे भिंतीकडे बघत बसलेले तिने कधी पाहिले नव्हते. समोर नम्रताही गप्प होती. ती वडिलांमुळे गप्प होती हे खरं, पण ती दुपारपासून संचिताशीही बोलली नव्हती, हे आता कुठे संचिताच्या ध्यानात आलं.

आणि मग तिला आंबोली आठवली. धुक्यातून चालताना नकाशात डाव्या हाताला ओढा होता आणि समोर ओढा नव्हता. “आटला असेल,” असं एक मुलगी म्हणाली, तेव्हा दीपिकाबाई जागीच थांबल्या होत्या. “नकाशा आणि जमीन जुळली नाही, तर जमिनीला खोटं पाडू नका,” त्या म्हणाल्या होत्या. “थांबा. आपण कुठे चुकलो ते आधी शोधा. पुढे चालणाऱ्याचं हे पहिलं काम.”

संचिताने तर जमिनीला खोटं पाडलंच होतं. वर नम्रतालाही.

सकाळी काका गाडीने गेल्यावर ती नम्रताजवळ जाऊन बसली. नम्रता पायरीवर बसून मांजराच्या अंगावरची कुसळं काढत होती.

“नमू, काल तुला किती आकडा आला होता?”

“तू कॅप्टन. तुका म्हायत आसतला.”

“मला माहीत नाही,” संचिता म्हणाली. “म्हणून तर विचारते.”

नम्रताने आणखी एक कुसळ ओढून काढलं. मग म्हणाली, “अडतीस. नि मी कडीकडे उभी नव्हतंय.”

“नव्हतीस. चल, तू दाखव. आम्ही बघतो.”

तिघंही धक्क्यावर गेली. संचिताच्या मनात एक साधीच युक्ती आली होती. आधी देवळाची दिशा बघायची. देऊळ काही जागचं हलत नाही. ती पहिल्या दिवसाइतकीच भरली, तर होकायंत्र शहाणं. नम्रताने होकायंत्र पोटाशी धरलं. देवळाचा आकडा तंतोतंत तोच आला. मग ती खांबाकडे वळली. अडतीस. सर्वेशने बघितलं. अडतीस. संचिताने स्वतः बघितलं, डोळे चोळून पुन्हा बघितलं. अडतीसच.

“देऊळ जागच्या जागी आहे,” ती हळूच म्हणाली. “होकायंत्रही बरोबर आहे. आपणही बरोबर आहोत. मग हललं काय?”

तिघांचीही नजर खांबावर गेली. मग सर्वेशच्या तोंडून शब्द आला, “खांब.”

संचिता नम्रताकडे वळली. “तू बरोबर होतीस. मी तुझं ऐकायला हवं होतं.”

“दोनदा,” नम्रता म्हणाली.

“हो. दोनदा ऐकायला हवं होतं.”

नम्रताचा चेहरा सैल झाला. “चल तर मगे,” ती म्हणाली आणि सगळ्यांच्या पुढे पळत सुटली.

खांब सुरूच्या झाडांच्या कडेला उभा होता. लांबून पाहिला तर नेहमीपेक्षा देखणा दिसत होता, कारण त्याला ताजा रंग होता. वाडीतल्या माणसांनी दिवाळीत, होड्या काठाला होत्या तेव्हा, लांबूनच त्याचं कौतुकही केलं होतं. पण जवळ गेल्यावर बुंध्याशी नवं, फिकट सिमेंट दिसलं, आणि सुरूच्या सुयांनी झाकलेल्या वाळूत तेवढाच एक तुकडा उकरलेला. दक्षिणेला समुद्रात शिरलेला एक खडकाळ कडा होता, त्या बाजूला गुरुप्रसादचं लाकडी मचाण होतं. पाहुण्यांनी समुद्राकडे पाठ करून फोटो काढावेत म्हणून तिथे फुलांची मोठी कमान उभी केली होती.

“काय मंडळी, फोटो काढायचाय?” गुरुप्रसाद बाहेर आला.

“दादा, हा खांब इथे कधी आला?” संचिताने विचारलं.

“तो होय? तो आधी मचाणाच्या अगदी समोर होता. प्रत्येक फोटोत मधोमध. दिवाळीत कामगार रिकामे होते, म्हणून जरासा देवबागच्या अंगाला घेतला. रंगही नवा दिला. आभार माना माझे.”

सर्वेशचे कान लाल झाले. “तुमच्या फोटोपायी माझे बाबा...”

संचिताने त्याची बाही धरली. तिलाही ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडून खांब सरकणार नव्हता. तिने काटकी घेतली आणि वाळूत तीन ठिपके काढले.

“हे देऊळ, हा खांब, आणि इथे लांब होडी. देवळापासून खांबावरून रेघ काढली की ती होडीच्या वाटेवर जाते. आता खांब एवढासाच सरकवला...” तिने दुसरी रेघ ओढली. खांबाजवळ दोन्ही रेघा जवळजवळ होत्या. पण पुढे पुढे त्या फाकत गेल्या आणि शेवटी त्यांच्यात संचिताची चप्पल आडवी मावेल एवढी जागा झाली. “इथे वाळूचा पट्टा आहे. काल काका इथेच चढले.”

गुरुप्रसादने मान वाकडी करून पाहिलं. “पुस्तकी गोष्टी आहेत गं. आजकाल सगळं मोबाइलवर असतं.”

“सत्यवानदादा मोबाइल बघून येतो?”

गुरुप्रसादची नजर समुद्राकडे गेली. सत्यवान सकाळच्या भरतीला पाहुण्यांना घेऊन निवतीच्या बाजूला डॉल्फिन दाखवायला गेला होता. संचिताच्या सांगण्यावरून गुरुप्रसादने त्याला फोन लावला. एकदा, दोनदा. फोन लागत नव्हता.

“येईल तो व्यवस्थित,” गुरुप्रसाद म्हणाला, पण त्याचा आवाज आता पहिल्याइतका मऊ नव्हता. “सिमेंट अजून कच्चं आहे, खांबाला कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळी मोठी माणसं जमली की बघू.” आतून स्वयंपाक्याची हाक आली आणि तो निघून गेला.

तिघंही वाळूतल्या रेघांकडे बघत उभी राहिली. ओहोटी लागली होती. वाराही उठला होता, आणि मुखाशी पट्ट्यांवर लाटा फुटायला लागल्या होत्या. काल होडीत काका आणि एक गडी, अशी दोनच माणसं होती, दोघंही पोहणारी. आज पाहुण्यांमध्ये लहान मूल होतं. सर्वेशने सकाळी त्याला होडीत चढताना पाहिलं होतं.

“आपणच दुसरा खांब उभा करू,” सर्वेश म्हणाला. “घरी लांब बांबू आसा.”

“पण नेमका कुठे? मचाणासमोर म्हणजे कुठेही नव्हे. चार पावलं चुकली तर काय होतं ते आत्ताच काढून दाखवलं मी.” संचिताने वर पाहिलं. डोंगरावर देवळाचं पांढरं शिखर उन्हात चमकत होतं. “सर्वेश, ओहोटीला वरून ती खोल वाट दिसते?”

“काळी दिसता. दोन्ही बाजूक पाणी पिवळां, नि मधी काळो पट्टो.”

“मग देवळाच्या कठड्यावरून त्या काळ्या पट्ट्याकडे सरळ बघायचं. मधे जिथे बांबू येईल तीच जागा.”

बांबू हातात घेऊन किनाऱ्यावर उभं राहायचं, होडीला वाट दाखवायची, हे चित्र संचिताच्या डोळ्यांसमोर क्षणभर येऊन गेलं. पण बांबू धरणाऱ्याला तिथून काहीच दिसणार नव्हतं. दिसणार होतं ते वरच्याला.

“बांबू तू धर,” ती सर्वेशला म्हणाली. “तुझ्या अंगात जोर आहे. मी वर जाते. नमू, तू मधे, त्या काजूच्या झाडापाशी. वरून मी हात करीन तसा तू कर. सर्वेशला झाडीमुळे मी दिसणार नाही, तू दिसशील.”

“नि ह्या रंगवलेल्या खांबाचा काय?” नम्रता म्हणाली. “सत्यवानदादाक दोन खांब दिसले तर तो खंयचो धरतलो? हात लावूचो नाय म्हणाले. झाकूचो नाय असा नाय म्हणाले.”

संचिताने तिच्याकडे बघितलं. हा विचार तिच्या डोक्यात आलाच नव्हता.

सुगंधामावशीला सगळं सांगायला फार वेळ लागला नाही. तिने ऐकलं, पदर खोचला, परसातल्या रोपांवरची हिरवी जाळी काढली आणि कपाटातून आपली लाल साडी आणली. शिडी लावून तिने स्वतःच ती जाळी खांबावर वरपासून खालपर्यंत गुंडाळली. मागे सुरूची हिरवी झाडं होती. पाहता पाहता खांब त्यांच्यात नाहीसा झाला.

गुरुप्रसाद धावत आला. “मावशी, हे काय चाललंय?”

“जाळी सुकत घातलंय,” मावशी शिडीवरून म्हणाली. “जाळी सुकवक तुझी परवानगी लागता?”

तोपर्यंत संचिता डोंगराची वाट चढत होती. वाटेवर तिने दोनदा मागे वळून बघितलं. नम्रताचे पाय लहान होते, ती मागे पडत होती. एकटी संचिता पुढे जाऊन उपयोग नव्हता. मधली कडी नसेल, तर वरचीला अर्थ नाही. ती थांबली, नम्रताचा हात धरला आणि काजूच्या झाडापर्यंत तिला सोबत घेऊन गेली. मग पुढे एकटी धावली.

देवळाच्या कठड्यावरून खाडीचं मुख तळहातासारखं दिसत होतं. सर्वेशने सांगितलं तसंच. दोन पिवळट पट्टे, त्यांच्यावर फुटणाऱ्या लाटा, आणि मधून गेलेली एक काळसर, शांत वाट. खाली किनाऱ्यावर लाल साडी बांधलेला बांबू धरून सर्वेश मुंगीएवढा उभा होता.

संचिता कळसाच्या बरोबर खाली उभी राहिली. बांबू वाटेपासून उजव्या हाताला होता. तिने डावा हात लांब केला. काजूखाली नम्रताने डावा हात केला. आणि सर्वेश नेमका उलट्या बाजूला चालू लागला.

संचिताने हात हलवले. नम्रताने हलवले. सर्वेश थांबला, गोंधळला, आणखी दोन पावलं चुकीच्या दिशेने गेला. नम्रता आणि संचिता समुद्राकडे तोंड करून होत्या, सर्वेश त्यांच्याकडे तोंड करून. त्यांचा डावा तो त्याचा उजवा.

लांब समुद्रात एक पांढरा ठिपका दिसू लागला होता. आता खाली धावून समजवायला वेळ नव्हता. तेवढ्यात नम्रता हात खाली सोडून तोंडाभोवती ओंजळ धरून खाली ओरडताना दिसली. एकेक शब्द वाऱ्यावरून वर आला.

“डावा उजवा नको... कड्याकडे जा... कड्याकडे.”

मग तिने वर संचिताकडे पाहून एक हात कड्याकडे केला, दुसरा देवबागेकडे, आणि मान डोलावली. म्हणजे, आता तू नुसती बाजू दाखव. सर्वेश कड्याकडे निघाला. मचाणाच्या पायऱ्या ओलांडून, फुलांच्या कमानीसमोरून. संचिताने दोन्ही हात वर केले. नम्रताने केले. सर्वेश थांबला.

थोडं जास्त झालं होतं. देवबागेकडे एक पाऊल. आणखी अर्धं. काळी वाट, बांबू, आणि आपलं नाक. थांब.

“बरोबर धरलंस,” मागून आवाज आला.

संचिता दचकली. देवळामागच्या वाटेवर परशुरामकाका उभे होते. मालवणची गाडी वरच्या रस्त्याला थांबते, तिथून ते पायी येत होते. हातात औषधाची नाही, केळ्यांची पिशवी होती.

“काका, खांब सरकवला होता. गुरुप्रसाददादाने, फोटोसाठी. तुम्ही बरोबर आला होतात, पण खांबच...” तिला धाप लागली होती. “सत्यवानदादाची होडी येतेय. पाहुणे आहेत. तुम्ही सांगा ना आता. तुम्हाला जास्त कळतं.”

काकांनी खाली पाहिलं. हिरवी जाळी, लाल साडी, काजूखाली हात वर करून उभी असलेली आपली लेक. मग त्यांनी केळ्यांची पिशवी कठड्यावर ठेवली.

“नको,” ते म्हणाले. “पोरां तुझ्या हाताकडे बघतत. मधीच हात बदललो तर घोटाळो होतलो. तूच दाखव. मी तुझ्या मागे उभो आसंय.”

होडी जवळ आली. पहिल्यांदा तिचं तोंड देवबागेच्या बाजूला होतं, कालच्या जागेकडे. सत्यवान रंगवलेला खांब शोधत असणार. होडीचा वेग कमी झाला. ती लाटांवर डुलत तिथेच रेंगाळली, आणि बाजूने एक मोठी लाट पट्ट्यावर फुटली, तेव्हा होडीतल्या माणसांनी एकमेकांना धरलेलं वरूनही दिसलं. संचिताचे वर केलेले दंड दुखत होते. तिने ते खाली घेतले नाहीत.

“दिसात तेका,” काका पुटपुटले. “लाल रंग दिसल्याशिवाय ऱ्हवचो नाय. वाट बघ.”

होडीचं नाक हळूहळू वळलं. कड्याकडे. आणखी थोडं. मग ते जागी स्थिरावलं, आणि होडी सरळ रेषेत, जणू कुणी दोरीने ओढावी तशी, काळ्या वाटेत शिरली. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधून ती शांतपणे येत होती. मुख ओलांडून ती खाडीच्या सपाट पाण्यात आली, तेव्हा संचिताने हात खाली सोडले. ती कठड्यावर बसली, आणि तिला रडू का येतंय हे तिचं तिलाच कळेना.

काकांनी एक केळं सोलून तिच्या हातात दिलं.

धक्क्यावर ती पोचली तेव्हा पाहुणे उतरत होते. सत्यवान काकांकडेच आला. “खांब दिसना, तेवा माझा धाबा दणाणला,” तो म्हणाला. “मगे लाल लुगडा कळसाखाली दिसला. म्हटलां, तुमीच उभे केलास.”

“मी नाय,” काका म्हणाले. “ह्या पोरांनी.”

गुरुप्रसाद पाहुण्यांच्या लहान मुलाला कडेवर घेऊन उतरवत होता. मुलाला त्याने आईकडे दिलं आणि तो काकांसमोर येऊन उभा राहिला. लाटा फुटताना त्याने किनाऱ्यावरून पाहिल्या होत्या. आपण तो खांब कुठे नेऊन ठेवला होता आणि होडी कुठे गेली असती, हे आता त्याला काटकीने काढून दाखवायची गरज नव्हती.

“काका, डोळे माझेच तपासायला हवे होते,” तो म्हणाला. “चुकलं माझं. काल सगळ्यांसमोर तुम्हाला बोललो, आज सगळ्यांसमोरच सांगतो.” मग तो मुलांकडे वळला. “आणि तुम्ही तिघांनी आज माझी माणसं वाचवलीत. मी नको म्हणत असताना. हे उपकार मी कसे फेडू ते मला ठाऊक नाही.”

“मचाण हलवा,” नम्रता म्हणाली.

सगळे हसले. गुरुप्रसादही हसला, आणि मचाण खरंच हलवलं. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या माणसांनी मिळून खांब बांबूच्या जागी रोवला. त्या वेळी देवळावर काका उभे राहिले, आणि काजूखाली पुन्हा नम्रताच.

काकांच्या होडीला नवा पंखा बसला, तेव्हा पहिल्या फेरीला त्यांनी तिन्ही मुलांना घेतलं. गुरुप्रसादचे पाहुणेही होते. संचिता सवयीने पुढच्या टोकाला जाऊन बसायला निघाली.

“पुढे नमू बसात,” काका म्हणाले. “पाण्यात काय आसा तां तिका लांबसून दिसता. सर्वेश दोरयेकडे. तू हंय ये, सुकाणाकडे.”

“मागे?”

“होडीचो तांडेल, म्हणजे तुझो कॅप्टन, मागेच बसता, बाय. पुढे बसलो तर तेका नुसतो समुद्र दिसात. मागे बसलो काय आपली सगळी माणसां दिसतत. कोण भिजता, कोण भियाता, कोण काय सांगता.”

संचिता त्यांच्याशेजारी टेकली. खरंच, तिथून सगळे दिसत होते. दोरी गुंडाळणारा सर्वेश, टोपी धरून बसलेल्या पाहुण्या बाई, आणि सगळ्यात पुढे, वाऱ्यावर केस उडत असलेली नम्रता. तिने मागे वळून पाण्यातल्या कशाकडे तरी बोट दाखवलं. काकांनी काही न विचारता सुकाणू जरासं वळवलं.

होडी मुखाबाहेर पडली. काकांनी इंजिनाचा वेग उतरवला. मग समोरच बघत म्हणाले, “मालवणच्या डाक्टरान सांगल्यान, डोळे बरे आसत. पण माका पटाक नाय. गाडीत बसान मी तोच इचार करी होतंय, डोळे बरे तर मगे मीच बिघडलंय. वर देवळाकडे इलंय नि तुमका तिघांक बघलंय, तेवा माझ्या जिवात जीव इलो.”

त्यांनी सुकाणूवरचा एक हात काढला आणि संचिताच्या डोक्यावर ठेवला. खारट, खरखरीत, जड हात.

“देव बरां करो तुमचा,” ते म्हणाले.

संचिताने सुकाणूवरची त्यांची सोडलेली जागा आपल्या हाताने धरली, आणि काकांनी ती तिच्याकडेच राहू दिली.